कॉम्प्युटरशी ओळख

अवनीच्या औषधाच्या ट्रायलचं काय ते ठरवायला रविवारी सकाळी बसायचं ठरलं, तेव्हा प्राध्यापक गोपाळकृष्ण खांबेटे वेळेच्या आधी आले आणि हडपसरचे झांबरे जेवणाच्या सुमाराला. नीरजाच्या लग्नापासून हे असंच चालत आलं होतं. तिचे वडील यायचे ते एकटे, कर्वेनगरातल्याच शेजारच्या बिल्डिंगमधून चालत, मनात मुद्दे जुळवून. सासरची मंडळी यायची ती दोन गाड्यांतून, भाजीच्या पिशव्या घेऊन. झांबऱ्यांचं शेत आयटी पार्कखाली जाऊन जमाना झाला होता, पण भाजी न्यायची रीत सुटली नव्हती. आता ती हडपसरच्या मंडईतून विकत घेतली जायची आणि 'आपल्याकडची' म्हणून यायची.

नीरजाने अवनीला आतल्या खोलीत बसवून टॅब दिला आणि दार ओढून घेतलं. अकरा वर्षांच्या मुलीला ओढलेल्या दारामागून सगळं ऐकू येतं, हे तिला माहीत होतं. पण निदान दार ओढल्याचं समाधान होतं.

बातमी सगळ्यांना ठाऊक होतीच. दोन वर्षांच्या उपचारांनी जो रक्ताचा कॅन्सर गेला होता, ज्याच्या जाण्याचे पेढे दोन्ही घरांनी चढाओढीने वाटले होते, तो नेहमीच्या तपासणीत परत दिसला होता. डॉक्टर रिलॅप्स म्हणाले. बायडाबाई, म्हणजे नीरजाच्या सासूबाई, 'दुखणं उलटलं' म्हणाल्या. नीरजाच्या धाकट्या दिराने, विश्वजीतने, हडपसरच्या चौकात 'आमची झुंजार पुतणी अवनी हिला लवकर आराम पडो' असा फ्लेक्स लावला. त्यावर अवनीचा फोटो पासपोर्टाएवढा होता आणि विश्वजीतचा, हात जोडलेला, पुरुषभर उंचीचा. येत्या निवडणुकीत त्याला तिकीट हवं होतं. नीरजाने फोन करून फ्लेक्स उतरवायला लावला, आणि तेव्हापासून दीर-भावजयीचं बोलणं बंद होतं.

इंद्रजीतने, तिच्या नवऱ्याने, टीव्हीला लॅपटॉप जोडून स्लाइड लावल्या. ऑफिसची सवय, असं सगळ्यांना वाटलं. स्लाइड समोर असल्या की त्याचा आवाज कापत नसे, हे फक्त नीरजाला माहीत होतं. त्याने सांगितलं ते असं. आजार दुसऱ्यांदा आला की पहिल्यापेक्षा चिवट असतो, पण उपाय आहे. पहिला महिना सगळ्याच मुलांना सारखी, जोरदार किमो. ती लागू पडली तर पुढे दोन रस्ते. एक, नेहमीच्या किमोच्याच पुढच्या फेऱ्या. दुसरा, त्यातल्या काही फेऱ्यांच्या जागी एक नवं औषध, जे आठवडेच्या आठवडे पाठीवरच्या पिशवीतल्या छोट्या पंपातून थेंबथेंब शरीरात जातं. यातलं कोणतं चांगलं, हे अजून कुणालाच माहीत नाही. ते कळावं म्हणूनच ही ट्रायल. आईवडिलांनी नाही म्हटलं तर नेहमीचे उपचार चालू. हो म्हटलं आणि मधेच मन बदललं, तरी बाहेर पडता येतं.

"म्हंजे आपल्या पोरीवर प्रयोग," बजरंगराव म्हणाले. ते इंद्रजीतचे वडील. घरात आणि चौकात सगळे त्यांना तात्या म्हणत. "उंदरं संपली का त्यांच्याकडची?"

"उंदरांवर झालाय आधीच, बजरंगराव," गोपाळकृष्ण म्हणाले. "त्यांच्याकडून काही तक्रार आलेली नाही."

मग त्यांनी मुद्दे मांडले. त्यांचा जन्म कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात गेला होता आणि निवृत्तीनंतर इतकं लक्ष देऊन ऐकणारी खोली त्यांना प्रथमच मिळाली होती. पहिल्या वेळी ज्या औषधांनी अवनी वाचली ती आभाळातून पडली नव्हती, ते म्हणाले. कुणाकुणाची मुलं अशाच ट्रायलमध्ये गेली होती, म्हणून ती हाताशी आली. कोणत्या मुलाला काय द्यायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडलं, तर डॉक्टर नकळत धडधाकट मुलं एकीकडे घालतो, आणि मग औषधाने गुण आला की मुलंच मुळात बरी होती, ते कधीच कळत नाही. बायडाबाईंनी मधेच डोळे पुसले. भाषणातलं 'कुणाकुणाची मुलं' एवढंच त्यांना लागलं होतं.

बजरंगरावांनी दुसऱ्या बाजूने शिरून पाहिलं. औषधाला पैसे किती? काहीच नाहीत, इंद्रजीत म्हणाला. ट्रायलमधलं औषध फुकट असतं. झालं. फुकट म्हणजे खोट, हा बजरंगरावांचा अनुभव होता. त्यांनी स्वतः एका निवडणुकीत फुकट साड्या वाटल्या होत्या आणि त्या पहिल्याच धुण्यात गेल्या होत्या. विश्वजीतने विचारलं, की मग पैसे मोजून हेच औषध बाहेरून आणता येणार नाही का. बाजारात आलेलंच नाही, इंद्रजीत म्हणाला. बाजारात न मिळणारी वस्तू झांबऱ्यांच्या बैठकीत पहिल्यांदाच चर्चेला आली होती, आणि तिथून बजरंगरावांचा नूर पालटू लागला. जे कुणालाच मिळत नाही ते आपल्या नातीला मिळावं, यात त्यांना काही वावगं वाटेना.

"मग नवंच द्या म्हणावं," ते म्हणाले. "त्यात काय एवढं."

"तसं सांगता येत नाही, तात्या. कॉम्प्युटर ठरवतो. चिठ्ठी टाकल्यासारखं."

गोपाळकृष्णांनी चष्मा पुसून ती स्लाइड परत वाचली. यादृच्छिक निवड. हा शब्द त्यांनी मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांकडून घोटून घेतला होता. ज्याला तो शुद्ध लिहिता येत नसे त्याचा अर्धा गुण कापला होता. आता त्या शब्दाच्या शेजारी अवनीचं नाव होतं.

"यात एक बारीकसा मुद्दा आहे," ते म्हणाले.

बारीकसा मुद्दा असा होता, की तत्त्व म्हणून यादृच्छिक निवडीला त्यांचा संपूर्ण पाठिंबा होता. सर्व मुलांच्या बाबतीत. फक्त अवनीच्या बाबतीत परिस्थिती जरा वेगळी होती. कशी वेगळी, ते त्यांना मांडता येईना. दोन वाक्यं सुरू झाली आणि मधेच थांबली. बजरंगरावांना मात्र ती पूर्ण कळली.

"कॉम्प्युटर चालवतं कोण?" त्यांनी विचारलं. "माणूसच ना?"

आणि उठून ते व्याह्यांच्या सोफ्यावर जाऊन बसले. लग्नातल्या मानपानानंतर दोघे इतके जवळ कधी बसले नव्हते. ट्रायलमध्ये जायचं की नाही हा प्रश्न आता उरलाच नव्हता; आपली ओळख कुठपर्यंत आहे, हा होता. विश्वजीतने दोन नगरसेवकांची नावं घेतली. नगरसेवकांचा इथे काय संबंध, असं गोपाळकृष्ण म्हणाले, आणि एका जुन्या विद्यार्थ्याचं नाव त्यांनी मनातल्या मनात घेतलं. बायडाबाईंनी जाहीर केलं, की आपण दोन नवस बोललो आहोत: नवं मिळालं तर यमाईला साडी, नेहमीचं मिळालं तर जेजुरीला तळी भरायची. म्हणजे देवांचेही दोन गट पडले, गोपाळकृष्ण म्हणाले.

नीरजाला कुणी काही विचारलं नव्हतं. ती ओट्याशी पोळ्या लाटत होती. डॉक्टरांनी दिलेली सगळी पानं तिने आणि इंद्रजीतने मिळून वाचली होती, प्रश्न विचारून झाले होते, आणि हो म्हणायचं हे दोघांनी केव्हाच ठरवलं होतं. बैठक ठरवण्यासाठी नव्हतीच. न विचारल्याचा राग दोन्ही घरांना आयुष्यभर पुरला असता, म्हणून ती बोलावली होती.

तेवढ्यात दार उघडून अवनी बाहेर आली आणि जेवायला कधी, म्हणाली. सगळेजण एकदम सिंहगड रोडच्या ट्रॅफिकबद्दल बोलू लागले.

फोन दोन्हीकडून झाले. गोपाळकृष्णांनी आपला फोन संध्याकाळी फिरायला गेल्यावर, कॅनॉलच्या रस्त्यावरच्या बाकावर बसून केला. सोसायटीत कुणी ऐकलं असतं. त्यांचा जुना विद्यार्थी त्या हॉस्पिटलच्या संशोधन विभागात होता. त्यांनी त्याच्या मुलांची चौकशी केली, मग आईची, मग त्यांच्या भागातल्या पाणीकपातीची. मूळ गोष्टीवर आल्यावर त्यांचा आवाज इतका खाली गेला, की विद्यार्थ्याला 'काय म्हणालात, सर?' असं विचारावं लागलं आणि सरांना ती गोष्ट परत, मोठ्याने म्हणावी लागली.

"बघतो, सर," विद्यार्थी म्हणाला.

पुण्यात 'बघतो' म्हणजे 'नाही', हे गोपाळकृष्णांना कुणी सांगायला नको होतं. आयुष्यभर त्यांनी तो शब्द त्याच अर्थाने वापरला होता. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी तो कोशातल्या अर्थाने घेतला आणि घरी जाताना त्यांची पावलं हलकी पडली.

बजरंगरावांनी हॉस्पिटलच्या एका विश्वस्ताला गाठलं. जमिनीच्या एका व्यवहारात दोघांची ओळख झाली होती. विश्वस्तांनी मसाला दूध पाजलं आणि 'झालं समजा, तात्या' म्हणून खांद्यावर हात ठेवला. ज्यांचं काम करायचं नसे त्यांच्या खांद्यावर बजरंगराव स्वतः असाच हात ठेवत. गाडीत बसल्यावर त्यांना ते आठवलं. त्यांनी ड्रायव्हरला गाणी लावायला सांगितली.

संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होणार, हे कळलं तेव्हा खरी पंचाईत झाली. नियमच तसा होता. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगायचं, आईवडिलांनी विचारायचं ते विचारून सह्या करायच्या, आणि हे कॅमेऱ्यासमोर, म्हणजे पुढे कुणी आपल्याला फसवलं असं म्हणायला नको. मूल कळत्या वयाचं असेल तर त्याचंही म्हणणं घ्यायचं. नीरजाने हे सासरी फक्त कळवलं होतं. झांबऱ्यांनी ते आमंत्रण समजून घेतलं. विश्वजीत कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. बायडाबाई मोत्याची नथ घालून आल्या आणि हॉस्पिटलात नथ कशाला, असं सुनेने विचारल्यावर म्हणाल्या, "पोरीला मागं कुणी न्हाई असं दिसाया नको." गोपाळकृष्णांनी टाय बांधला होता. त्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही.

डॉ. सलिल मुजुमदार शांत माणूस. आईवडील आणि अवनी एवढेच थांबतील, असं म्हणून त्यांनी बाकीच्यांना बाहेर घालवलं. दाराला काचेची उभी पट्टी होती. तिच्यातून कुणी आधी बघायचं हे ठरायच्या आत विश्वजीतने ती अडवली.

अवनीला कॅमेऱ्याचं काही वाटलं नाही. तिला खुर्चीचं वाटलं. खुर्ची उंच होती, पाय लोंबकळत होते, आणि त्यामुळे आपण व्हिडिओत लहान दिसणार, याचा तिला राग येत होता. डॉक्टर बराच वेळ आईबाबांशी बोलले. आई जे विचारत होती ते तिने आधीच विचारलेलं होतं, आता फक्त कॅमेऱ्यासाठी परत विचारतेय, हे अवनीच्या लक्षात आलं. मग डॉक्टरांनी आपली खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तेच सगळं अगदी सोपं करून सांगितलं. इतकं सोपं करायची गरज नव्हती. दाराआडून ऐकून तिला निम्मं पाठ झालं होतं.

तिने विचारलं, पाठीत सुई कुठल्या औषधात कमी वेळा टोचतात. दोन्हीत जवळजवळ सारखीच, डॉक्टर म्हणाले. तिची निराशा झाली, कारण तिच्यापुरता निकाल त्याच्यावरच लागणार होता.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नेहमीचे उपचार करू. मी रागावणार नाही."

"ते कॅमेऱ्याकडे बघून सांगा."

डॉक्टरांनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. अवनीने आईकडे पाहिलं. आई टेबलाकडे बघत होती. 'हो म्हण' असं आई एकदाही म्हणाली नव्हती, आणि तेच अवनीला सगळ्यात जड जात होतं.

"हे मला बरं करायला आहे, की तुम्हाला कळायला?"

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले. "दोन्हीसाठी," ते म्हणाले. "तुला बरं करायचा प्रयत्न कुठल्याही गटात करणारच. पण कुठलं औषध जास्त चांगलं, ते तुझ्यासारख्या मुलांकडून आम्हाला कळेल. ते तुझ्या उपयोगी पडेल किंवा तुझ्यानंतरच्या मुलांच्या. आज मला ते सांगता येत नाही."

अवनीला हे उत्तर आवडलं नाही. पण आजार परत आल्यापासून तिला मिळालेलं हे पहिलंच उत्तर होतं, ज्याच्याआधी कुणी तिच्या केसांवरून हात फिरवला नव्हता. ती हो म्हणाली.

बाहेर विश्वजीतने टाळ्या वाजवल्या. त्या रेकॉर्डिंगमध्ये आल्या, म्हणून शेवटचा भाग परत घ्यावा लागला. अवनी दुसऱ्यांदाही हो म्हणाली, पण दुसऱ्यांदा तिला जास्त भीती वाटली.

पहिला महिना वाईट गेला. तोंडभर फोड आले, केस गेले, एक ताप तिला आयसीयूपर्यंत घेऊन गेला. आणि मग तपासणी झाली आणि डॉ. मुजुमदारांनी नीरजा-इंद्रजीतला बोलावून सांगितलं, की किमो लागू पडली आहे, आजार मागे हटला आहे, आणि कॉम्प्युटरने अवनीला नेहमीच्या किमोच्या गटात घातलं आहे. पहिली बातमी इतकी मोठी होती, की नीरजाला दुसरी ऐकूच आली नाही. दोघं खोलीबाहेर आली ती हसत आणि रडत. कॉरिडॉरमध्ये जमलेल्या मंडळींना पहिली बातमी मिनिटभर पुरली.

"जुनंच?" बजरंगराव म्हणाले. "असं कसं? मला तर झालं समजा म्हणाले हुते."

"कोण म्हणाले होते?" गोपाळकृष्णांनी विचारलं, आणि मग सगळं बाहेर आलं. बजरंगरावांनी विश्वस्ताकडे शब्द टाकला, हे ऐकून गोपाळकृष्ण भडकले. असल्या उघड दडपणामुळेच हॉस्पिटलने मुद्दाम उलटं केलं असणार, ते म्हणाले. त्यांनी स्वतः किती नाजूकपणे विषय काढला होता. म्हणजे तुम्हीपण फोन केला होता, बजरंगराव म्हणाले. मग बिघडलं ते तुमच्यामुळंच, मास्तर माणसाला मागता येत नाही. चिठ्ठीला कुणाचा राग नसतो आणि लोभ नसतो, असं जन्मभर शिकवलेले गोपाळकृष्ण आता कॉम्प्युटरने कुणाच्या सांगण्यावरून डाव साधला, हे मुद्देसूद सिद्ध करू लागले. विश्वजीत म्हणाला, पत्रकार परिषद घेऊ. बजरंगराव म्हणाले, ट्रायलमधून बाहेर पडू, आणि त्यावर दोन्ही व्याह्यांचं परत एकमत झालं. बाहेर पडलो तरी नेहमीचीच किमो मिळणार, असं इंद्रजीत म्हणाला. याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

नीरजा इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती.

"बाबा, तुम्ही फोन केला होता?"

गोपाळकृष्णांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि समजा, त्यांनी ऐकलं असतं. अवनीला नवं मिळालं असतं, आणि नवं वाईट निघालं असतं." ती मोठ्याने बोलत नव्हती. "मग जन्मभर मी तुमच्याकडे कशा नजरेनं बघायचं? आणि तात्या, तुमच्याकडे?"

सासऱ्यांना असं काही विचारायची तिची ही पहिलीच वेळ होती. बजरंगरावांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. बायडाबाई सुनेच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. नीरजाच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या सुनेच्या बाजूला प्रथमच गेल्या. अर्थात त्यांना आता जेजुरीची तयारीही करायची होती. सही करताना आम्हाला हे सगळं माहीत होतं, आम्ही ट्रायलमध्येच राहणार, असं नीरजाने सांगितलं आणि इंद्रजीतला घेऊन ती आत गेली. पत्रकार परिषद झाली नाही.

किमोची पुढची फेरी सुरू झाली त्या सकाळी दोघे व्याही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. आत एका मुलामागे एकाच माणसाला सोडत आणि अवनीजवळ नीरजा होती. हातात मशीनमधल्या चहाचे कप होते आणि चूक कुणाच्या फोनची, यावर अधूनमधून भांडण चालू होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्याच मशीनमधला कप घेऊन योगेश बसला होता. बिबवेवाडीत त्याचं पडदे शिवायचं दुकान होतं. त्याची मुलगी राधा अवनीच्या शेजारच्या कॉटवर होती; दोघी एकाच महिन्यात आल्या होत्या आणि एकाच टॅबवर खेळत होत्या. राधाला नवं औषध आलं होतं. पंपाची पिशवी पाठीला लावून ती वॉर्डात हिंडू लागल्यापासून दोघे आजोबा काचेतून तिच्याकडे, तिने रांग मोडून पुढे घुसावं, तसे बघत होते.

"एक विचारू का काका, राग मानू नका," योगेश म्हणाला. "तुमची ओळख कुठपर्यंत आहे हो?"

दोघांनी एकदम माना वळवल्या.

"नाही, तुमच्या अवनीला बरोबर नेहमीचं, खात्रीचं औषध मिळालं. प्रयोग आला आमच्या राधाच्या वाट्याला. बायको रोज रडते. म्हणते, मोठ्या लोकांची पोरं सुटतात." तो चिडून बोलत नव्हता, चांगल्या सुताराचा पत्ता विचारावा तसा विचारत होता. "म्हटलं, कुणाला भेटायचं असतं ते तरी कळेल."

गोपाळकृष्णांनी कप खाली ठेवला आणि समजावून सांगायला सुरुवात केली. ओळखीचा काहीही संबंध नाही. कॉम्प्युटरला माणसं कळत नाहीत. कोणतं औषध चांगलं ते खरोखर कुणालाच माहीत नाही, ना डॉक्टरांना, ना औषध काढणाऱ्यांना. नवं आहे म्हणून ते चांगलं ठरत नाही आणि नवं आहे म्हणून वाईटही ठरत नाही. राधाकडे लक्ष कमी आहे असं नाही आणि अवनीकडे जास्त आहे असंही नाही. आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. उभ्या जन्मात त्यांनी हा धडा इतका चांगला शिकवला नव्हता. बजरंगराव मान डोलावून 'बराबर हाय' म्हणत होते, आणि वरपर्यंत ओळख असून काही उपयोग होत नाही, हे आपण स्वतः करून पाहिलंय, अशी त्यांनी स्वतःची भर घातली. बोलता बोलता गोपाळकृष्णांच्या लक्षात आलं, की आपण सांगतोय ते खरं आहे.

योगेशने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दोन्ही सारखंच," तो म्हणाला. "मग बदलून घ्यायचं का? राधाचं अवनीला, अवनीचं राधाला. तुम्ही बोला डॉक्टरांशी, तुमचं ऐकतील."

अशी अदलाबदल होत नसते, हे गोपाळकृष्णांना माहीत होतं. तेच सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द निघेना. ट्रायलचं नाव निघाल्यापासून ज्याच्यासाठी जीव टाकला होता ते बाकावर समोर येऊन बसलं होतं, आणि त्यांना ते नको होतं. जुनंही नको होतं. त्यांनी बजरंगरावांकडे पाहिलं. बजरंगरावांनी जमिनींचे कितीतरी सौदे नुसत्या मान हलवण्यावर केले होते. दोन्ही बाजू राजी असलेला इतका सोपा सौदा त्यांच्यापुढे कधी आला नव्हता. त्यांनी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. नवं घेतलं आणि तेच अंगाशी आलं तर. जुनं सोडलं आणि तेच लागू पडणार होतं तर. आणि अवनी बरी झाली, ह्या माणसाची पोरगी नाही झाली, तर. त्यांची मान ना इकडे हलली ना तिकडे.

कुणीच हो म्हणालं नाही. विचारून झाल्यावर योगेशसुद्धा घाबरलेला दिसला.

"राहू द्या," तो म्हणाला. "आहे ते आहे."

तिघेही गप्प बसून राहिले.

वॉर्डाचं दार उघडून नीरजा बाहेर आली. तोंडावर मास्क होता, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळेना. दोघे आजोबा एकदम उठले, आणि योगेशही.

"काही झालं नाही," ती म्हणाली. "औषध सुरू झालंय. अवनी विचारतेय, बाहेर सगळे गप्प का झाले? इतका वेळ आवाज येत होता. एकदम बंद झाला, तर तिला वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलं. बोलत राहा म्हणतेय."

दार तिने उघडंच ठेवलं.

तिघे परत बसले. मग बजरंगरावांनी घसा साफ केला, गार झालेल्या कपातला एक घोट घेतला आणि दाराच्या रोखाने, मोठ्या आवाजात म्हणाले, "चहात साखरच न्हाई ह्या."

"साखर जास्त आहे, बजरंगराव," गोपाळकृष्ण तितक्याच मोठ्याने म्हणाले. "चव गेलीय तुमची."

योगेशने आपला कप नाकाशी नेला.

"काका, ही कॉफी आहे," तो म्हणाला. तोही मोठ्यानेच, कारण आत राधाही होती.